दिवा उंबऱ्यावर, देणं पदराआड: हनुक्काच्या आठ दिवसांचे एक प्रकरण

ठाणे-मुंबई पट्ट्यातले एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ. चाळीस कुटुंबे, त्यांतली निम्मी साठीपुढची, मुलं-नातवंडं इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, बेअरशेबाला गेलेली. हाताशी ६०,००० रुपये आणि धडधाकट चौदा माणसं. हनुक्कात, म्हणजे ज्यूंच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणात, समाजासाठी काहीतरी करायचे आहे. काय करावे आणि कसे?

प्रकरण नमुन्याचे आहे. कुटुंबांची संख्या, माणसं आणि रकमा हिशेब मांडता यावा म्हणून धरल्या आहेत. तारखा, विधी आणि कायदेकानू मात्र खरे आहेत. वर्ष घेतले आहे २०२६, कारण ते अवघड आहे: पहिला दिवा शुक्रवारी ४ डिसेंबरला आणि आठवाही शुक्रवारीच, ११ डिसेंबरला. म्हणजे आठ दिव्यांत दोन शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचे विश्रामवार.

आजवरची पद्धत आणि तिचं दुखणं

आजवर व्हायचे ते असे. एका संध्याकाळी कार्यक्रम, दिवे, भाषण, मग रांगेत उभं करून ब्लँकेट आणि किराण्याची पिशवी. फोटो. रात्री अकरापर्यंत ते फोटो दिमोनात पोचलेले. पिशवी घेणाऱ्या बाईच्या नणंदेने ते तिथे पाहिले, आणि पुढल्या वर्षी बाई आलीच नाही. गरज होतीच, पण ती आली नाही. जिना उतरता येत नाही अशी म्हातारी माणसं तर कार्यक्रमाला कधीच नव्हती. वाटून उरलेली ब्लँकेटं सिनेगॉगच्या माळ्यावर. ठाण्यातल्या डिसेंबरात जाड ब्लँकेट किती घरांत लागते, हे खरेदीआधी कोणी विचारले नव्हते.

गोंधळाचे मूळ एकच आहे. हनुक्काचा दिवा एका दिवसाचे तेल आठ दिवस जळल्याचा चमत्कार जाहीर करण्यासाठी लावतात, तो लोकांना दिसावा म्हणून दारात किंवा खिडकीत ठेवतात. दानाचा नियम बरोबर उलटा. बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. त्यांत अगदी खाली आहे कुरकुरत दिलेले दान. वरून दुसरी पायरी अशी की देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही. सर्वांत वर आहे कर्ज, भागीदारी किंवा काम देणे, म्हणजे माणसाला पुन्हा हात पसरावा लागू नये. समितीने दिव्याचा नियम दानाला लावला, आणि सगळं बिघडलं ते तिथे. नव्या आखणीत दोन्ही वेगळे केले: दिवा दिसेल तिथे, देणे दिसणार नाही तिथे.

आठ दिवे आणि आठ पायऱ्या अशी जोडी लावून रोज एक पायरी चढण्याची टूम पुष्कळ ठिकाणी दिसते. मुलांना शिकवायला ती ठीक आहे. पण कामाची आखणी तशी करू नये. पहिल्या दिवशी मुद्दाम कुरकुरत कोण देणार?

यादी कोणी करायची

जुना दंडक असा की दानाचे पैसे गोळा करताना दोघांहून कमी माणसं नसावीत आणि वाटप तिघांहून कमी जणांनी ठरवू नये. एकाच्या हाती पेटी नको म्हणून दोघे. आणि कोणाला किती द्यायचे हा निवाडाच आहे, म्हणून तिघे. हा दंडक आजही जसाच्या तसा वापरावा. इथे तिघांत एक बाई असायलाच हवी, कारण कुठल्या घरात गॅस सिलिंडर कधी संपतो हे पुरुषांच्या बैठकीत कळत नाही. आमच्या मते ही अट लेखी ठेवावी.

यादी हनुक्काचा किस्लेव महिना लागण्याआधी, म्हणजे २०२६ मध्ये १० नोव्हेंबरपर्यंत, तयार हवी. तिघांनी मिळून बारा घरे ठरवली. यादीची एकच प्रत, वहीत, हाताने लिहिलेली. व्हॉट्सॲपवर किंवा संगणकावर ती कधीही चढवायची नाही. प्रत्येक घराला क्रमांक, आणि बाहेर फक्त क्रमांक जातो.

आधी नातलग, मग आपले गाव, मग दुसरे गाव, हा क्रम परंपरेतलाच. पण शेजारच्या परधर्मीय गरिबालाही शांततेच्या वाटेसाठी द्यावे, हेही तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, सांगितले आहे. म्हणून बारापैकी दोन घरे समाजाबाहेरची: सिनेगॉगची झाडलोट करणाऱ्या बाईंचे आणि रात्रीच्या पहारेकऱ्याचे. वर्षभर दार उघडून देणाऱ्याला यादीत न धरणे ही चूक फार ठिकाणी होते.

पिशवीऐवजी खाते

किराण्याची पिशवी भरून देण्यात तोटा दुहेरी. मधुमेहाच्या घरात साखर जाते, आणि एकटी राहणारी आजी पाच किलो तांदळाचं काय करणार? शिवाय पिशवी हातात दिसते. त्याऐवजी नेहमीच्या वाण्याकडे १,५०० रुपयांची बारा खाती आगाऊ भरायची, एकूण १८,००० रुपये. प्रत्येक घराला शिक्क्याची चिठ्ठी, तिच्यावर फक्त क्रमांक. घर आपल्याला हवे ते, हवे तेव्हा, ३१ डिसेंबरपर्यंत उचलते.

यात बिघडते ते गल्ल्यावर. गर्दीच्या वेळी वाणी मोठ्याने विचारतो, "काकी, हे मंडळाच्या खात्यावर लिहू ना?" झालं. म्हणून वाण्याशी आधी बोलून तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: खाते क्रमांकाने चालेल, चिठ्ठी नोटेसारखी गल्ल्यात जाईल, आणि तंबाखू-सिगारेट सोडून कशालाही नकार नाही. शेवटच्या अटीवर समितीत वाद होतो. कोणीतरी म्हणतेच की चॉकलेटं घेतली तर? घेऊ द्यावीत. सणच आहे.

चिठ्ठी कशी पोचवायची, याला सोपे उत्तर आहे. सिनेगॉगची वार्षिक दिनदर्शिका चाळीसही घरांत जाते. चिठ्ठी त्या पाकिटात. चाळीस पाकिटे सारखीच, बंद, तिघांपैकी दोघांनी भरलेली. समाजाबाहेरच्या दोन घरांची पाकिटे पगाराबरोबर.

तेलाचा संच

हनुक्काच्या दिव्याबाबत नियम कडक आहे. भिक्षेवर जगणाऱ्यानेही मागून किंवा अंगावरचे वस्त्र विकून तेल घ्यावे, असे मायमोनिडीस लिहितो. तेव्हा एकट्या म्हाताऱ्या माणसाला तेल-वात पोचवणे ही सणाची भेटवस्तू नव्हे, ती गरजच आहे. कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, त्या बेने इस्रायलांना, म्हणजे मराठी ज्यूंना, हे वेगळे सांगायला नको. गंमत अशी की त्यांच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हताच. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी त्यावरूनच मांडले की पूर्वज मक्काबींच्या विजयाआधी, म्हणजे हनुक्का सुरू होण्याआधी, मायदेशातून निघाले असावेत. घाणा होता, तेल होते, सण मात्र पुढे आला.

आठ दिवसांचे दिवे १ + २ + … + ८ म्हणजे ३६, आणि रोजचा एक शामाश, म्हणजे बाकीचे दिवे पेटवायचा जादा दिवा, धरून ४४. एका दिव्याला १५ मिलि तेल, म्हणजे चहाचे तीन चमचे, धरले तर ६६० मिलि लागते. म्हणून दर घरी ७५० मिलिची बाटली, नऊ लहान जाड काचेचे पेले, पितळी किंवा स्टीलचे ताट, पन्नास बारीक वाती, लांब काड्यांची पेटी, आणि देवनागरीत छापलेल्या आशीर्वचनांचा कागद, अक्षर १८ पॉइंटाहून लहान नको. पहिल्या रात्री तीन आशीर्वचने, पुढे रोज दोन. पेले उजवीकडून डावीकडे वाढवायचे, पेटवायची सुरुवात मात्र सर्वांत डाव्या, म्हणजे त्या दिवसाच्या नव्या दिव्यापासून. हे चित्र काढूनच द्यावे. शब्दांत सांगितले की हमखास उलटे होते. असा संच सुमारे ६०० रुपयांत बसतो. दहा एकट्या घरांचे ६,००० झाले.

चुका कुठे होतात? पहिली खोबरेलाची. ते साधारण २४ अंशांखाली थिजते. मुंबईत एखादी थंड संध्याकाळ सोडली तर निभते, पण पुण्यात किंवा कोकणातल्या आतल्या गावात डिसेंबरात बाटलीचा गोळा होतो. पेल्यात कडेने पांढरे धरले की वात तेल ओढत नाही आणि दहा मिनिटांत विझते. उपाय तिळाचे तेल, किंवा बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवणे. ऑलिव्हचे तेल उत्तम मानले जाते, पण सर्व तेले चालतात. महागडे ऑलिव्ह घेऊन घरे निम्मी करण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक जाड वातीची. समईची वात घेतली की ज्योत मोठी, काजळी फार, आणि पेला तडकतो. काच तडकण्याचे आणखी एक कारण म्हणजे ओला पेला. संच देण्याआधी एक दिवा घड्याळ लावून जाळून पाहावा. दोन तास टिकला म्हणजे माप बरोबर.

तिसरी बाब चूक नव्हे, धोका आहे. घरात ऑक्सिजनचे यंत्र किंवा सिलिंडर चालू असेल तर त्या खोलीत ज्योत नाही म्हणजे नाही. अशा घरी दुसऱ्या खोलीत, दार लावून, घरातल्या कोणीतरी सर्वांच्या वतीने लावावा. दिवा माणशी नव्हे, घरटी लागतो. खोलीच एक असेल तर काय करायचे हे सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या हझानना आधीच विचारून घ्यावे, दिव्याच्या वेळी नव्हे. दहा घरांना हा एक प्रश्न विचारायचा राहिला तर बाकी सगळी आखणी व्यर्थ.

आणि उंची. दिवा जमिनीपासून वीस हातांवर, म्हणजे साधारण साडेनऊ मीटरच्या वर असला तर रस्त्यावरच्या माणसाचे लक्ष जात नाही, म्हणून तो खिडकीत मोजत नाहीत. तिसऱ्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी फ्लॅटच्या दाराशी लावावा, मेझुझा (दाराच्या चौकटीवरची धर्मवचनांची डबी) उजवीकडे, दिवा डावीकडे. जिन्यात वारा असतो. बाहेर ठेवायचा तर चारी बाजूंनी काच, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगितलेले बरे.

भेटींचे गणित

इथे बहुतेक आखण्या कोसळतात. दहा एकटी घरे, आठ संध्याकाळी, रोज कोणीतरी जाऊन दिवा लावून येईल, असे उत्साहात ठरते. पण दिव्याची वेळ सगळ्यांची एकच. कार्यकर्त्याच्या घरीही मुलं वाट पाहत असतात. तिसऱ्या दिवशी निम्मे गळतात, आणि आजी साडेसातपर्यंत वाती लावून दाराकडे बघत बसते. न येणाऱ्यापेक्षा येतो म्हणून न येणारा वाईट.

म्हणून मोजून घ्यावे. चौदा माणसांच्या सात जोड्या. शनिवार रात्र ते गुरुवार, सहा संध्याकाळी, म्हणजे ४२ भेटी. दहा घरांना प्रत्येकी चार भेटी धरल्या तर ४०. दोन भेटी राखीव, कारण कोणाला तरी ताप येणारच. चारच भेटी, पण तारखा कागदावर छापून आधी दिलेल्या: "शनिवार, रविवार, मंगळवार आणि बुधवारी आम्ही येऊ, बाकी दिवशी तुम्ही लावा." स्वतःच्या घरी सहा-साडेसहाला दिवा लावून निघायचे आणि साडेसात ते साडेआठ दुसऱ्याच्या घरी. थोडा उशीर चालतो, घरची माणसं जागी आणि रस्त्यावर वर्दळ असली म्हणजे झाले. भेट किमान अर्धा तास, म्हणजे दिवा जितका जळायला हवा तितका. त्या उजेडात काम करायचे नसते, तेव्हा फोनही खिशात. गप्पा मारायच्या. हीच खरी देणगी, आणि अर्थसंकल्पात तिचा खर्च फक्त रिक्षाभाड्याचा.

दोन्ही शुक्रवार वेगळे. मुंबईत त्या आठवड्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास. हनुक्काचे दिवे शब्बाथच्या दिव्यांआधी लावायचे, म्हणजे साडेपाच-पावणेसहापर्यंत सगळे आटोपले पाहिजे, आणि पाचच्या आधीही नको. शिवाय चांदण्या दिसल्यावर अर्धा तास ते जळत राहायला हवेत, म्हणजे एकूण सुमारे दीड तास. ४४ मेणबत्त्यांची जी तयार पेटी मिळते तिच्यातली बारीक मेणबत्ती अर्ध्या तासात संपते, शुक्रवारी ती निरुपयोगी. तेलाचा पेला घ्यावा तो याचसाठी. जोड्यांनी दुपारी तीन ते साडेचार फिरून पेले भरून, वाती बसवून द्यायच्या आणि परतायचे. पेटवणे घरच्यांनी. सूर्यास्तानंतर रिक्षा नाही, पैसे नाहीत, फोटो नाहीत. शनिवारी रात्री शब्बाथ संपवण्याचा हब्दाला विधी आधी झाला की मग दिवे, पावणेसातच्या पुढे. त्या दिवशीची भेट आठला धरावी.

रविवारी ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. दादरमार्गे कोणाला पाठवू नये. मुलांच्या गटाने मात्र चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांसाठी चाळीस डझन केळी द्यायची ठरवली, २,४०० रुपयांची. स्वतःचा मांडव टाकण्यापेक्षा आधीपासून परवानगी असलेल्या मंडळाच्या मांडवात सकाळी पोचवावीत. चाळीस डझन म्हणजे सुमारे साठ किलो, लोकलने नेण्याजोगे ओझे नव्हे. केळीच का? शिजवायचे नाही, कशरूतचा, म्हणजे ज्यू आहारनियमांचा, प्रश्न नाही, साल सोडून कचरा नाही.

रक्तदान शिबिराचीही सूचना आली होती. ती बाजूला ठेवली. निम्मा समाज साठीपुढचा, रक्त देता येते ६५ पर्यंत, आणि चार-सहा दात्यांसाठी रक्तपेढीची गाडी बोलावणे म्हणजे त्यांचा वेळ खाणे. तरुणांनी जवळच्या रक्तपेढीत जाऊन द्यावे.

वरची पायरी: काम आणि कर्ज

यादीतल्या एका घरी पिशवी नको, गिऱ्हाईक हवे होते. बाई करंज्या उत्तम करतात. समितीने सार्वजनिक दिव्याच्या संध्याकाळी, म्हणजे गुरुवारी १० तारखेला लागणाऱ्या ३०० करंज्यांची मागणी त्यांना दिली, नग १८ रुपये, ५,४०० पैकी निम्मे आगाऊ. भाव बाजाराचा. "समाजासाठी आहे, जरा कमी करा" हे वाक्य समितीतल्या कोणी उच्चारू नये.

किलोभर पिठाच्या साधारण साठ करंज्या होतात, तेव्हा पाच किलो. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, पण पीठ दुधात न भिजवता नारळाच्या दुधात भिजवले तर करंज्या मांसाहारानंतरही खाता येतात, बेने इस्रायल स्वयंपाकाची ही जुनीच युक्ती. ओल्या नारळाचे सारण दुसऱ्या दिवशी आंबूस होते. बुधवारी तळून गुरुवारी वाटायच्या तर सुके खोबरे भाजून घ्यावे. एकट्या बाईला ३०० करंज्या एका दिवसात होत नाहीत. लाटायला मदतनीस ठेवायला सांगावे आणि तिचा रोज भावात धरलेला असावा.

दुसऱ्या घरी २०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज, शिलाई यंत्र आणि पिको-फॉलच्या जोडणीसाठी. महिना १,००० प्रमाणे वीस हप्ते, पहिला फेब्रुवारीत. जानेवारीत नको, तेव्हा काम जेमतेम सुरू होते. धर्मात आपसांत व्याज वर्ज्य आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नाही. चर्चा ट्रस्टच्या घटनेवर हवी: तीत मदत-कर्जाची तरतूद नसेल तर ट्रस्टच्या खात्यातून देऊ नये, दोघा-तिघांनी खासगीत द्यावे. हप्ता चुकला तर सिनेगॉगात आठवण करायची नाही. घरी जाऊन, एकट्याने.

पैसा कुठून घ्यायचा आणि कुठून नाही

इस्रायलमधले नातलग दरवर्षी विचारतात, किती पाठवू? अलिबागेत जन्मलेला, मराठीत बोलणारा माणूसही इस्रायली नागरिक झाला की कायद्याने परदेशी स्रोत ठरतो. परदेशी देणगीची नोंदणी, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, ती नसलेल्या ट्रस्टने त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नये. नोंदणी असली तरी रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवी. "माझ्या खात्यावर पाठव, मी पेटीत टाकतो" ही पळवाट अख्ख्या ट्रस्टला अडचणीत आणते.

त्यांच्याकडून वेळ घ्यावा. हिवाळ्यात इस्रायल आपल्या साडेतीन तास मागे. दिमोनात सूर्यास्त होतो तेव्हा इथे सव्वाआठच्या आसपास झालेले असतात. साडेआठला, भेट संपताना, जोडीने व्हिडिओ लावून द्यायचा: इथला दिवा शेवटाला आलेला, तिथला नुकता लागतो आहे. शुक्रवार आणि शनिवार सोडून, कारण शनिवारी तेव्हा तिकडे शब्बाथ संपलेला नसतो. तिकडच्या मंडळींनी तिकडच्या एकट्या मराठी आजीकडे जाऊन बसावे, हेही सुचवावे.

स्थानिक रोख देणगी २,००० रुपयांपर्यंतच करसवलतीत धरली जाते, त्यावर चेक किंवा बँकेतून.

मुलांना हनुक्काची नाणी: बावीस मुलं, रोज दहाचे एक नाणे, १७६ नाणी, १,७६० रुपये. आठांतली किती पेटीत टाकायची हे मुलानेच ठरवायचे, आणि टाकली की नाही हे कोणी बघायचे नाही. पेटी दिव्याशेजारी ठेवण्याचा मोह होतो, देखावा छान दिसतो. पण हनुक्काच्या दिव्यासमोर पैसे मोजू नयेत असे तालमुदात स्पष्ट आहे. पेटी दाराच्या आत, मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी, दोघांनी.

आता बेरीज: खाती १८,०००, संच ६,०००, करंज्या ५,४००, कर्ज २०,०००, केळी २,४००, नाणी १,७६०, रिक्षा आणि छपाई २,५००. एकूण ५६,०६०. उरलेले ३,९४० औषधांसाठी राखून.

दिसायचे ते दिसू द्यावे

गुरुवारी सातवा दिवा सिनेगॉगच्या फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून. शेजारच्या दुकानदारांना, पोलीस चौकीला, समोरच्या शाळेला आमंत्रण. फोटो हवे तितके, फक्त दिव्याचे आणि करंज्यांचे. भाषणात आभार कोणाचेही नाहीत, कारण एकाचे घेतले की बाकीच्यांचे राहतात आणि खात्यांचे बिंग फुटते.

आठवा दिवा शुक्रवारी घरोघरी. रविवारी १३ तारखेला जोड्या शेवटच्या वेळी फिरतात. पेल्यांत उरलेले तेल आणि अर्धवट वाती जाळून टाकायच्या, स्वयंपाकात घ्यायच्या नाहीत. बाटलीतले न वापरलेले तेल मात्र घरातच राहू द्यावे. आशीर्वचनांच्या कागदावर देवाचे नाव आहे, फाटलेले कागद कचऱ्यात न टाकता सिनेगॉगच्या गनिझात, म्हणजे जुने पवित्र कागद ठेवायच्या जागी. ताट आणि पेले परत आणायचे नाहीत. वाण्याकडे ३१ तारखेला जाऊन क्रमांकांची वही मिळवायची, आणि ज्या खात्यावरून काहीच उचललेले नाही त्या घरी तिघांपैकी बाईंनी नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सहज म्हणून चहाला जायचे.